पासंग

पेटी उघडून नाना काहीच बोलले नाहीत, तेव्हाच थोरल्याच्या लक्षात आलं की काहीतरी भलतंच झालंय. एरवी ती पेटी उघडताना नानांचं तोंड सुरू असायचं. फुंकर मारू नकोस, थुंकी उडते. बोट लावू नकोस, घाम बसतो. कापड कुठंय? थोरल्याचे कानांवरचे केस पांढरे झाले तरी हे त्याला दर वेळी नव्याने ऐकावं लागे. आज मात्र नाना हातात पिवळं कापड घेऊन नुसते उभे होते.

लाल मखमलीत तीन खळगे रिकामे होते.

"दोन किलो, एक किलो आणि अर्धा," नाना शेवटी म्हणाले. "मोठी तेवढी उचललीत. बारकी सगळी जागच्या जागी."

ही पेटी म्हणजे नानांच्या काटेदुरुस्तीच्या दुकानाची अब्रू होती. गावातल्या भाजीवाल्यांचे, सोनारांचे, दवाखान्यांतले काटे याच पितळी वजनांशी ताडून खरे की खोटे ते ठरत. आणि वर्षातून एकदा ही वजनं स्वतः परीक्षेला बसत. उद्या सकाळी त्यांना वजनमाप तपासनिसाच्या कचेरीत न्यायचं होतं, म्हणून तर नानांनी पेटी एक दिवस आधी उघडली. वजनं पास झाली नाहीत, तर दुसऱ्याच्या काट्यावर शिक्का मारायचा हक्कच उरत नाही.

"चावी कुणाकडे होती?" थोरल्याने विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच त्याने विचारलं.

चावी धाकट्याकडे होती. तोच धाकटा, जो भरल्या घरात "तुमची ही तराजूची दांडी आता संग्रहालयात ठेवा" असं बापाला ऐकवून बॅटरीवरचे आकडेवाले काटे विकायला निघून गेला होता. धंदा बुडाल्यावर महिन्यापूर्वी तो परत आला, पायरीवर बसला, आणि नानांनी एका शब्दानेही न विचारता त्याला ताट वाढायला सांगितलं. तिथवर थोरल्याने सोसलं. पण गेल्या आठवड्यात नानांनी पेटीची चावी त्याच्या हातात दिली, तेव्हा थोरल्याच्या मनात जे तुटलं ते अजून सांधलं नव्हतं. इतकी वर्षं दुकान कुणी चालवलं, आणि चावी कुणाला?

"सगळ्यांना खाली बोलाव," नाना म्हणाले.

बोलवायला फार लांब जायचं नव्हतं. घर दुकानाच्या वरच होतं, मधे एक लाकडी जिना. आणि रविवारी सगळे तसेही खाली येतच, कारण रविवारी थोरल्याच्या मुलीचं, मणूचं, वजन असे.

धाकटा हात पुसत आला. त्याने पेटीकडे पाहिलं, मग थोरल्याच्या चेहऱ्याकडे, आणि हसला.

"अरे वा. म्हणजे निकाल लागलेलाच आहे. मी नुसता सही करायला आलोय."

"हसण्यावारी नेऊ नकोस," थोरला म्हणाला. "चावी तुझ्याकडे होती की नाही?"

"होती. खिळ्याला टांगलेली होती, जिन्याखाली. इथे कुणी कधी चावी उशाशी घेऊन झोपलंय?"

"मागच्या खोलीतली जुनी पारडी भंगारात कुणी घातली होती?"

"मी. तेव्हा मी मिसरूडही न फुटलेला होतो, दादा. आणि त्याचे फटके तूच मोजले होतेस."

मणूची आई तोवर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन थांबली होती. घरात तिला थोरली म्हणत. तिने दोघा भावांकडे पाहिलं, मग भिंतीजवळच्या मोठ्या काट्याकडे.

"भावजी, घेतली असतील तर देऊन टाका. उगीच सकाळ नासवू नका," ती म्हणाली. "आणि नाना, ते तुमचं काय ते नंतर बघा. आधी मणूचं वजन करून घ्या. मग ती खाईल तरी. वजन होईतो पाणीसुद्धा पीत नाही ती."

* * *

मणूची आत्या आली ती ओल्या केसांनी, खांद्यावर टॉवेल टाकून. ती पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायची. रविवारी शेवटची तुकडी पाण्याबाहेर काढली की तशीच माहेरी यायची. अंगाने चांगली भरलेली बाई, पण पाण्यात पडली की मासळी. "पाण्यात सगळे सारखेच हलके," असं ती भेदरलेल्या पोरांना सांगायची, आणि पोरांना ते लगेच पटायचं.

दुकानात शिरताच तिला कळलं, की इथे कोर्ट भरलंय. दारं-खिडक्या बंद, पंखा बंद. वजन करताना वारा लागू नये म्हणून ही इथली पद्धतच होती. फळ्यांवर पारडी पालथी पडलेली, साखळ्या आकड्यांना लोंबत होत्या, आणि तेलाचा आणि पितळ घासायच्या पावडरीचा तो जुना वास. या वासाने तिला एकाच वेळी माहेर आठवे आणि पाऊल दारातच अडे.

"काय हरवलंय?" तिने विचारलं. धाकट्याने दोन वाक्यांत सांगितलं.

"आणि चोर हा? घरात जेवायला मिळतंय तेवढ्यावर खूश असलेला प्राणी आहे हा. तो पितळ घेऊन काय चघळणार आहे?"

"तू लाड कर त्याचे," थोरला म्हणाला. "उद्या कचेरीत तू येणारेस का सांगायला?"

आत्या उत्तर देणार होती, पण तिची नजर कोपऱ्यात गेली. मणू तिथे उभी होती. सोळा वर्षांची पोर, बंद खोलीत, पंखा बंद असताना, गळ्यापर्यंत चेन ओढलेलं जाड जॅकेट घालून. हात खिशात. सगळ्यांच्या कपाळावर घाम होता. हिचे ओठ मात्र निळसर दिसत होते.

"काय गं, उकडत नाही?"

"थंडी वाजते," मणू म्हणाली.

आत्याचं रोज उघड्या अंगाच्या पोरांमध्ये आयुष्य गेलेलं. कुठलं पोर सडपातळ आणि कुठलं खंगलेलं, हे तिला टॉवेलवरून कळे. मणू वर्षभर तलावावर आली नव्हती. आधी परीक्षा होती, मग सर्दी, मग पोहायचे कपडे लहान झाले. कपडे लहान कसे होतील, हा प्रश्न आत्याला तेव्हाच पडायला हवा होता.

शाळेच्या जिन्यात मणू चक्कर येऊन पडली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. पोरीचं वजन झपाट्याने उतरतंय, पण दुखणं पोटाचं नाही. ती स्वतःला कशी बघते, तिच्या मनात काय चाललंय, ते विचारायला हवं. मनाच्या डॉक्टरांकडे न्या आणि दर आठवड्याला वजन बघत राहा. या दोन सांगण्यांतलं दुसरं घरच्यांनी शिरोधार्य मानलं. पहिल्यावर थोरला म्हणाला होता, "बघू. आधी काटा काय सांगतो ते पाहू. घरात गावातला सर्वात खरा काटा असताना बाहेर कशाला धावायचं?" आणि काटा तर चांगलंच सांगत होता. प्रत्येक रविवारी थोडं थोडं वाढत होतं.

आत्याने तेव्हा मान डोलावली होती. या घरात काट्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती, तिचीही नाही.

"हे बघ," धाकटा म्हणाला. तो आता हसत नव्हता. "मी वजनं घेतलेली नाहीत. एकदा सांगितलं. नाना, तुम्ही सांगा. तुम्हालाही वाटतं का मी घेतली?"

नाना पेटीचं झाकण बंद करत होते. त्यांनी ते सावकाश बंद केलं.

"मला काय वाटतं त्याला काय किंमत आहे?" ते म्हणाले. "वजनं नाहीत, एवढंच मला दिसतंय."

धाकट्याने मान हलवली. जणू एवढंच ऐकायला तो महिनाभर थांबला होता. "बरं," म्हणाला, आणि जिना चढून वर गेला. वरून कपाटाचं दार उघडल्याचा आणि बॅग खाटेवर आपटल्याचा आवाज आला.

"जाऊ दे," थोरला म्हणाला. "चोराच्या मनात चांदणं."

"दादा, जीभ आवर," आत्या म्हणाली.

"नाना," थोरलीने पुन्हा आठवण केली, "मणूचं वजन."

* * *

मणू पत्र्याच्या फळीवर चढली. हा पोत्यांचा काटा. खाली रुंद फळी, समोर लोखंडी खांब, वर आडवी दांडी आणि दांडीवरून सरकणारं वजन. लहानपणी तिला हा खेळ वाटे. नाना दांडी सरकवायचे, जीभ बाहेर काढून डोळा मारायचे, आणि म्हणायचे, "आली रे आली, माझी मण आली."

नानांनी घरात सगळ्यांना मापांची नावं ठेवली होती. थोरला म्हणजे शेर. धाकटा अर्थातच छटाक. आत्या लहानपणी गुटगुटीत, म्हणून ती मण. आत्या लग्न होऊन गेली, मग थोरल्याला मुलगी झाली तीही तशीच गुटगुटीत, आणि रिकामं झालेलं नाव तिला मिळालं. मणची लाडाने मणू झाली. नानांच्या लेखी यापेक्षा मोठा लाड नव्हता. जुन्या मापांत मणापेक्षा भारी फार थोडं होतं.

गेल्या वर्षी एक मैत्रीण घरी आली, तिने आईची हाक ऐकली, आणि विचारलं, मणू म्हणजे काय गं? मणूने हसत हसत सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. बाकावर बसली की मागून कुणीतरी बाक कलल्याचं नाटक करायचं. "आज किती मण?" असं मुलं विचारायची, आणि मुलीही हसायच्या. शाळेतून येऊन ती आरशापुढे उभी राहायची, आणि आरसा तेच विचारायचा. घरी मात्र तेच नाव लाडाने कानावर यायचं. त्यांना काय सांगणार? की तुमचा लाड मला चावतो?

मग ती कमी होऊ लागली. सुरुवातीला बरं वाटलं, अगदी हुशार झाल्यासारखं. नंतर बरं वाटेनासं झालं, पण थांबताही येईना. ताटातला प्रत्येक घास आतून कुणीतरी तोलत बसलेलं असे.

आणि रविवार आले. पहिल्या रविवारी काटा उतरलेला दिसला, तेव्हा आई फळीजवळच मटकन बसली. ते मणूला बघवलं नाही. पुढच्या शनिवारी तिने खिळ्यावरची चावी काढली. जॅकेटच्या अस्तरात तिने स्वतः कप्पे शिवले होते. आधी अर्ध्याचं वजन, मग एकाचं, मग दोन्हींची बेरीज, मग दोनाचं. रविवारी दुपारी सगळे आडवे झाले की वजनं पेटीत परत. आईच्या तोंडावर रविवारपुरतं हसू यायचं. मणूला वाटे, तेवढं तर मी देऊ शकते.

आज पेटी एक दिवस आधी उघडली, आणि तिन्ही वजनं तिच्या अंगावर होती. दोन किलोचं बरगडीला टोचत होतं.

नानांनी दांडीची कडी काढली. दांडी तरंगायला लागली, तसे सगळे गप्प झाले. काटा डोलत असताना या घरात कुणी बोलत नसे. श्वाससुद्धा हळू घ्यायचा.

त्याच शांततेत काका बॅग घेऊन जिना उतरला. पायऱ्या एकेक करून वाजत होत्या. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. बाबा भिंतीकडे बघत होते. आत्याचं तोंड उघडलं आणि मिटलं, कारण काटा डोलत होता. मणूला ते भयंकर वाटलं. माणूस घर सोडून चाललाय, आणि दांडी स्थिर होईपर्यंत त्याला कुणी थांब म्हणणार नाही.

"स्थिर झाला," नाना म्हणाले. "वाढलंय."

"वाढलं ना?" आई म्हणाली. तिने डोळे मिटून घेतले. "हुश्श."

काकाचा हात दाराच्या कडीवर होता.

"काका, थांब," मणू म्हणाली. "वजनं माझ्याकडे आहेत."

* * *

नानांना आधी वाटलं, पोर काकाला वाचवायला बघतेय. तिचा जीव होता त्याच्यावर. पण तिने जॅकेटची चेन खाली ओढली, अस्तरात हात घातला, आणि दोन किलोचं पितळ बाहेर काढलं. वाकली आणि ते आपल्या पायाशी फळीवर ठेवलं. मग एक किलोचं. मग अर्ध्याचं.

दांडी जराशी थरथरली आणि होती तिथेच येऊन थांबली.

साहजिकच होतं. वजनं अंगावर असली काय, पायाशी असली काय, फळीवर तर सगळं तेवढंच होतं. नानांनी हजारो काटे दुरुस्त केले होते. हे काय आहे ते त्यांना क्षणात कळलं. तरी ते दांडीकडे बघत राहिले, कारण आता पुढचं त्यांनाच करायचं होतं. वजनं फळीवरून उचलल्याशिवाय दांडी खरं बोलणार नव्हती.

पिवळं कापड पेटीवर राहिलं होतं. नाना वाकले आणि उघड्या हाताने त्यांनी दोन किलोचं वजन उचललं. ते कोमट होतं. पोरीच्या अंगाची ऊब होती त्याला. वर बोटांचे काळपट ठसे उमटले होते. मग त्यांनी एकाचं उचललं. मग अर्ध्याचं.

दांडी टक् करून खाली पडली.

"किती?" थोरली पुढे आली. सरकत्या वजनाला हात घालत म्हणाली, "नाना, किती आहे खरं? सरकवा ना. बघू तरी."

नानांनी दांडीवर तळहात ठेवला. "आता नको."

"अहो, पण कळायला..."

"दिसतंय की," नाना म्हणाले. "तुला दिसत नाहीये? मला दिसतंय. इतके रविवार ती माझ्यापुढे उभी राहिली, आणि मी दांडीकडे बघत होतो." त्यांनी दांडीला कडी घातली.

मग थोरला बोलला. नेमकं नको ते.

"म्हणजे इतके दिवस आम्हाला फसवलंस? आईला फसवलंस? या घरात आजवर कुणी काटा मारला नाही, आणि तू..."

काटा मारणं म्हणजे मापात पाप; या धंद्यात याहून वाईट शिवी नाही. मणू फळीवरच खाली बसली.

आत्या जाऊन तिच्याशेजारी फळीवर टेकली. माहेर सुटल्यापासून या फळीवर तिने पाऊल ठेवलं नव्हतं, हे नानांना आत्ता जाणवलं.

"दादा, आवाज खाली," आत्या म्हणाली. "आणि नाना, एक सांगते. मला हे नाव कधीही आवडलं नाही. एक दिवससुद्धा नाही."

"तू तर हसायचीस," नाना म्हणाले.

"मग काय करणार होते? रडले असते तर तुम्ही आसवंही तोलून बघितली असतीत. माझ्या लग्नात तुम्हीच म्हणालात, मण गेला, घर हलकं झालं. सगळे हसले. मीही हसले. मग सासरी जाऊन दोन दिवस जेवले नाही. मी पाण्यात गेले म्हणून निभावले. हिला कुणी पाणीसुद्धा दाखवलं नाही, मीसुद्धा."

नानांना वाटलं, आपण काहीतरी म्हणावं. माझ्या मनात तसं नव्हतं, असं. पण मनात काय होतं ते आता कुणीच विचारत नव्हतं.

आत्याने मणूचा हात हातात घेतला. मनगट तिच्या बोटांच्या कडीत सैल फिरत होतं. "मणू... नाही, मणू नाही म्हणत. बाळ, एक विचारते. सरळ विचारते, सरळ सांग. मरून जावं असं वाटतं का तुला?"

"अहो ताई," थोरली कळवळली, "असं काय विचारता पोरीला? भलतंसलतं डोक्यात घालू नका."

"डोक्यात असेल तर आधीच असेल, वहिनी. मी विचारल्याने येत नाही."

मणूने जॅकेटची चेन पुन्हा वर ओढली.

"रोज नाही," ती म्हणाली.

दांडीला कडी घातलेली होती, डोलणारं काही नव्हतं, तरी कुणी बोलेना.

"नाना म्हणतात ना, शून्यावर आला की काटा खरा," मणू सांगत होती, आत्याकडे नव्हे, समोरच्या फळ्यांकडे बघत. "मला वाटायचं, मी पण शून्यावर आले की सगळं बरोबर होईल. कुणाला त्रास नाही. आईला रविवारी रडायला नको."

थोरली तिथेच जमिनीवर बसली आणि तिने मणूच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं. "मी वजनासाठी नव्हते रडत गं," ती म्हणत राहिली. "तुझ्यासाठी रडत होते." हे दोन्ही वेगळं आहे हे पोरीला कधी कळणार होतं? ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

धाकट्याने दार लावून घेतलं होतं, आणि तो आतल्या बाजूला उभा होता. थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं. माफी मागायची त्याला सवय नव्हती.

"बॅग वर ठेव," तो म्हणाला.

"ठेवतो. आधी पंखा लावू का? पोरगी जॅकेटात शिजतेय आणि थंडी वाजते म्हणतेय."

"नको, तिला खरंच थंडी वाजते," आत्या म्हणाली. "गरम दूध आण. आणि तिला 'पी, पी' करू नका. नुसतं समोर ठेवा." मग थोरल्याला म्हणाली, "डॉक्टरीणबाईंचा नंबर आहे ना? आत्ता फोन लाव. रविवार असू दे. ती काय म्हणाली ते जसंच्या तसं सांग. रोज नाही म्हणाली, हेही सांग. आणि तोवर हिला कुणी एकटं सोडायचं नाही."

थोरला फोन घेऊन मागच्या खोलीत गेला. नानांना त्याचा आवाज ऐकू येत होता. गिऱ्हाइकांशी बोलतो तो करडा आवाज नव्हता. "हो," तो म्हणत होता, "हो, आमचीच चूक झाली." थोड्या वेळाने बाहेर आला.

"उद्या सकाळी पहिल्यांदा बोलावलंय. त्या मनाच्या डॉक्टरांनाही त्याच कळवतायत. आजचा दिवस जवळ बसून राहा म्हणाल्या. आणि काहीही बदललं, तर उद्याची वाट न बघता दवाखान्यात या." तो थांबला. "पण उद्या सकाळी तर कचेरी आहे, नाना."

"वजनं मी घासून देतो," धाकटा दुधाचा पेला घेऊन येत म्हणाला. "ठसे निघतील. कळणारही नाही."

"घासलेलं वजन हलकं होतं," नाना म्हणाले. "आणि न घासता दिलं तर घामाने भारी भरेल. दोन्हीकडून खोटंच. तसंच घेऊन जा आणि सांग, आमची वजनं बिघडलीत, नवी येईतो दुकान बंद. मी येणार नाही. मी हिच्याबरोबर जाणार."

हे वाक्य नाना कधी उच्चारतील असं त्या खोलीत कुणालाच वाटलं नसतं. थोरल्याने मान डोलावली.

आत्या पाणी आणायला उठली. थोरलीही डोळे पुसत तिच्यामागे वळली. नाना स्टूल ओढून फळीजवळ बसले. मणूने दुधाचा पेला दोन्ही हातांनी धरला होता. पीत नव्हती, ऊब घेत होती.

"मी काटा मारला ना, नाना?" तिने हळूच विचारलं.

नानांनी डोकं खाजवलं. असलं बोलणं हा त्यांचा प्रांत नव्हता.

"काटा मारतो तो..." ते थांबले. "तो दुसऱ्याचं ओरबाडायला मारतो. तुला काय मिळालं? बरगडीला वळ." पुन्हा थांबले. "जुन्या तराजूचं एखादं पारडं हलकं असतं. मग त्या बाजूला चिंधी बांधतात, खडा ठेवतात. पासंग म्हणतात त्याला. ती लबाडी नसते. तराजूतच खोट असते, ती भरून काढायची असते. तू पासंग लावलास. फक्त खोट तुझ्यात नव्हती. आमच्यात होती, आणि भरत बसलीस तू."

मणूने पेल्यातून एक घोट घेतला. नानांनी दुसरीकडे पाहिलं, मुद्दाम. किती प्याली ते त्यांना मोजायचं नव्हतं. मोजायचं नाही हे किती कठीण जाणार आहे, ते त्यांना त्या एका घोटात कळलं.

मग त्यांनी तिला हाक मारली. मणू नव्हे. जन्मली तेव्हा कागदावर लिहिलेलं, शाळेत हजेरीला घेतलं जाणारं, घरात कुणीही न वापरलेलं नाव. त्यांच्या जिभेला ते नवं होतं. मधल्या अक्षरावर ते अडखळले.

नाना कुणाला बोलावतायत ते बघायला तिने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"तुलाच म्हणतोय," नाना म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला. "उतर त्या काट्यावरून."